लाल माणूस हिरवा होताना

माझ्या ताईच्या नवऱ्याला "चहा घेणार की कॉफी?" असं विचारलं की घाम फुटतो. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा आईने हाच प्रश्न विचारला आणि हे गृहस्थ म्हणाले, "बघू." आई स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी, ताई मान खाली घालून बसलेली. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. मी म्हटलं, "काय बघणार? दोन्ही कप आणून दाखवू का?" त्यावर ते मनापासून हसले आणि म्हणाले, "आणा ना." शेवटी त्यांनी दोन्ही घेतलं आणि कुठलं आवडलं ते काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांचं नाव बघूराव ठेवलं. आधी तोंडावर भावजी आणि पाठीमागे बघूराव असं चालायचं. पुढे तोंडावरही बघूराव म्हणायला लागले, कारण त्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही.

मी चष्म्याचं दुकान चालवते. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मी त्याच्या डोळ्यापुढच्या काचा बदलत विचारते, "हे स्पष्ट की हे?" आणि माणसाने झटकन एक काय ते सांगून टाकावं, अशी माझी साधी अपेक्षा असते. भावजींचा नंबर मी आयुष्यात एकदाच तपासला. "हे स्पष्ट की हे?" मी विचारलं. त्यांनी मला दोन्ही काचा चार वेळा दाखवायला लावल्या आणि मग म्हणाले, "या दोघांच्या मधलं काही आहे का?" बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. मी त्यांना मागच्या वर्षीचाच नंबर देऊन टाकला. तो बरोबर निघाला, ही गोष्ट वेगळी.

आता त्यांचं काम काय, हे सांगायला हवं, आणि इथेच माझी गाडी अडते. आई शेजारणीला सांगायची, "आमचे जावई कॉम्प्युटरवर चित्रं काढतात." ते खरं नव्हतं. चित्रं दुसरेच कुणीतरी काढायचे. एक जण पहिलं चित्र द्यायचा, एक जण शेवटचं, आणि पहिल्याचं शेवटचं होईपर्यंत मधे जे काही घडतं ते भावजींनी करायचं. एका सरबताच्या जाहिरातीत संत्र्याची हळूहळू बाटली होते, ती त्यांनी केलेली. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. आई पदर सावरून पुढे सरकली तेवढ्यात संत्र्याची बाटली होऊन गेलीसुद्धा. "झालं?" आईने विचारलं. "झालं," भावजी म्हणाले. त्या पापणी लवेल एवढ्याशा कामावर ते आठवडाभर बसले होते, असं ताई म्हणाली.

"पण ते कॉम्प्युटर आपोआप करतो ना?" मी विचारलं. मला खरंच तसं वाटत होतं.

भावजींनी आईचा बटणांचा डबा मागून घेतला. जेवणाच्या टेबलावर एक दोरा मांडून त्यांनी कपाचा आकार केला आणि दोऱ्यावर थोड्या थोड्या अंतरावर बटणं ठेवली. शेजारी दुसऱ्या दोऱ्याचा चष्म्याच्या काचेसारखा आकार केला आणि त्यावरही तेवढीच बटणं ठेवली. "आता सांग," ते मला म्हणाले, "इकडच्या कुठल्या बटणाने तिकडच्या कुठल्या बटणाच्या जागी जायचं?" त्यात काय मोठंसं, म्हणून मी फटाफट बोटं दाखवत गेले. त्यांनी एकेक बटण इकडून तिकडे अर्ध्या वाटेपर्यंत सरकवलं आणि दोरा त्यांच्यावरून फिरवला. टेबलावर ना कप होता ना काच. कपाचा कान पोटात घुसलेला, दोऱ्याला पीळ पडलेला, असा एक चोळामोळा तिथे पडला होता.

भावजींना मात्र कोण आनंद झाला. "बघ! यंत्राला फक्त सरळ जाता येतं. कुणी कुठे जायचं ते आपण सांगायचं. पहिलं चित्र बरोबर असतं, शेवटचंही बरोबर असतं. आपण जोड्या चुकीच्या लावल्या की मधे असा बोळा होतो."

"पण मधलं बघतंय कोण?" मी म्हटलं.

"बघत नाहीत लोक," ते म्हणाले. "पण बिघडलं की दिसतं."

मला अर्धं कळलं आणि उरलेलं अर्धं कळल्यासारखं वाटलं. आई म्हणाली, "माझी बटणं परत डब्यात टाका हं मोजून." भावजी बटणं गोळा करायला लागले आणि निळी आधी टाकावीत की पांढरी, या विचारात पडले.

जाहिरातींचं ते ऑफिस पुढे बंद पडलं. मग भावजी शहराच्या रस्ते खात्यात लागले. रस्त्याकडेच्या पाट्या, बाण, वळणाच्या खुणा असलं काहीबाही कॉम्प्युटरवर बनवायचं. नोकरी कंत्राटी. वर्ष संपत आलं की पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, याचा पत्ता नसायचा. साहेब म्हणायचे "कळवू", भावजी घरी येऊन म्हणायचे "बघू", आणि ताई त्या एका महिन्यात वाळून जायची. ताई लहान मुलांच्या शाळेत शिकवते. स्वभावाने माझ्याहून शांत, पण एकदा माझ्या दुकानात बसून रडली. "मला दुसरं काही नको गं," ती म्हणाली. "या घरात एकदा तरी 'नक्की' हा शब्द ऐकू दे. घर बदलायचं की नाही, बघू. सुट्टीत जायचं की नाही, बघू. माझं सगळं आयुष्य मधेच लटकलंय." मी तिला पाणी दिलं.

मग तो सिग्नल आला.

खात्याने पादचाऱ्यांसाठी नवे दिवे घेतले होते. जुन्या दिव्यात दोन खिडक्या असायच्या. वरच्या खिडकीत लाल माणूस उभा, खालच्या खिडकीत हिरवा माणूस चालणारा. नव्यात एकच छोटा पडदा होता, त्यावर काय वाट्टेल ते दाखवता यायचं. खात्याच्या मोठ्या साहेबांनी तो चालू करून पाहिला आणि नाक मुरडलं. म्हणाले, "हा माणूस विंचू चावल्यासारखा उडी मारतो. आत्ता उभा, आत्ता चालतोय. एवढा नवा पडदा घेतलाय तर जरा सफाईने बदलू द्या त्याला." मग कुणाला तरी संत्र्याची बाटली आठवली. साहेबांनी भावजींना बोलावून घेतलं आणि सांगितलं, काम पसंत पडलं तर शहरातल्या प्रत्येक चौकात हाच माणूस बसेल, आणि ते सगळं सांभाळायला एक माणूस कायमचा लागेल. "कायमचा," भावजींनी घरी येऊन सांगितलं. ताईने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

त्यानंतर ताईच्या घरात दुसरा विषय नव्हता. अडचण अशी की उभ्या माणसाचे पाय जुळलेले असतात, म्हणजे खाली एकच जाड ठोकळा. चालणाऱ्याचे पाय फाकलेले, मधे फट. ही फट आणायची कुठून? कॉम्प्युटरवर सोपवलं तर तो कुठूनही आणायचा. एकदा मी गेले तेव्हा पडद्यावरच्या माणसाच्या कानातून पाय उगवत होता. एकदा हात चालता चालता आखडून बोटाएवढा झाला आणि पुन्हा लांब झाला, कारण हाताचं टोक सरळ रेषेत गेलं, खांद्याभोवती फिरलं नाही. भावजी पंधरा-पंधरा मिनिटं त्या लुळ्या माणसाकडे बघत बसायचे. एके दिवशी मात्र त्यांनी मला जवळजवळ ओढतच कॉम्प्युटरपाशी नेलं. "सापडलं! फट बाहेरून आणायचीच नाही. उभ्या माणसाच्या पायात ती आधीपासून आहे. फक्त मिटलेली आहे." त्यांनी उभ्या माणसाच्या दोन टाचांच्या मधे दोन ठिपके एकावर एक ठेवले होते. चालायला लागला की एक ठिपका वर सरकायचा, आणि पाय कसे अगदी सुटे व्हायचे.

तरीही त्यांना समाधान नव्हतं. माणूस उभ्याचा चालता खरोखर होतो कसा, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी ताईला व्हरांड्यात चालवलं. ताई भराभर चालते, तिच्या चालण्यातलं मधलं काही हाती लागेना. मला चालवलं. मी तर थांबतच नाही, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी आईला विनंती केली. आईचे गुडघे धरलेले. ती निघताना आधी अंगाचा भार एका पायावर टाकते, मग दुसरा पाय उचलते. थांबताना तिचं पाऊल लहान होतं, आणखी लहान होतं, आणि मग मागचा पाय येऊन पुढच्याला अलगद चिकटतो. भावजी जमिनीवर बसून तिचे पाय बघत होते. "बास, हेच!" ते म्हणाले. आई आपली उगाच लाजली. म्हणाली, "माझ्या म्हातारीच्या चालीत काय मेलं बघण्यासारखं?"

पहिला सिग्नल माझ्या दुकानासमोरच्या चौकात लागला. योगायोग म्हणा, नाहीतर भावजींनी तो चौक सुचवला म्हणा. काचेतून मला तो अगदी समोर दिसायचा. आणि खरं सांगते, फार देखणा होता. लाल माणूस जरा हलायचा, त्याचा लाल रंग उतरत गढूळ पिवळा व्हायचा, एक पाय सुटायचा, हात फिरायचा, आणि पिवळ्यातून हिरवा उजळत तो चालायला लागायचा. थांबतानाही तसंच. पाऊल लहान, आणखी लहान, मागचा पाय अलगद पुढच्याला. मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. अहो, आमची आईच खांबावर चालत होती!

आई रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून माझ्याकडे यायला लागली. सोबत कधी शेजारीण, कधी मावशी. पलीकडच्या फूटपाथवर उभी राहून ती वर बोट दाखवायची. "आमच्या जावयांनी केलाय."

गोंधळ कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तक्रार केली. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, शिस्तीचे. "नंबर वाढला वाटतं," ते म्हणाले. "चौकात आलं की मला कळतच नाही, जाऊ की थांबू." मी तपासलं. नंबर जिथल्या तिथे. दोन दिवसांनी एक शिकवणी घेणाऱ्या बाई हेच म्हणाल्या. त्यांचाही नंबर जिथल्या तिथे. मग मी काम बाजूला ठेवून काचेतून चौकाकडे नीट बघायला लागले. लाल माणसाचा पाय जरा सुटला की काही लोक निघायचे आणि काही तिथेच थांबायचे. निघालेले थांबलेल्यांना बघून थबकायचे, थांबलेले निघालेल्यांना बघून निघायचे. एक जण तर पाऊल उचलून तसाच उभा राहिला आणि त्याच्या मागची बाई त्याच्या पाठीवर आदळली. हिरव्याचा लाल होताना आणखीच वाईट. अर्ध्या रस्त्यात आलेली माणसं वर बघायची. वरचा माणूस पावलं लहान करायचा. खालची माणसंही पावलं लहान करायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं. रस्त्यात थांबायचं नसतं, उलट पाय उचलायचा असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण तो इतका समजूतदारपणे थांबायचा की माणसाला वाटायचं, आपणही थांबावं.

मी भावजींना बोलावलं. ते आले, माझ्या काउंटरशी उभे राहिले, आणि आम्ही दोघं बघत होतो. तेवढ्यात पलीकडून आई निघाली.

तिच्या हातात पिशवी होती. तिने आधी वर बघितलं, हिरवा माणूस चालत होता, म्हणून तीही चालू लागली. अर्ध्या रस्त्यात आली आणि वरचा माणूस थांबायला लागला. आईचं पाऊल लहान झालं. आणखी लहान झालं. मग तिने मागचा पाय अलगद पुढच्याला चिकटवला आणि भर रस्त्यात, पिशवी दोन्ही हातांत धरून, ती शहाण्या मुलीसारखी उभी राहिली. गाड्या सुटल्या. एका बसने असा भोंगा वाजवला की माझ्या काउंटरवरच्या फ्रेमा थरथरल्या. मी काउंटर धरून नुसती बघत राहिले. आणि भावजी, ज्यांना चहा की कॉफी ठरवता येत नाही ते भावजी, दार ढकलून सरळ गाड्यांत घुसले. दोन्ही हात पसरून बसच्या पुढे उभे राहिले, आईचा दंड धरला आणि तिला घेऊन आले.

आईला काहीच वाटलं नव्हतं. खुर्चीत बसून ती म्हणाली, "अगं, तो थांबला म्हणून मी थांबले."

"आई, रस्त्यात थांबतात का?" मी ओरडले.

"मग तो कसा थांबला? यांनीच तर केलाय. तो चुकेल कसा?"

भावजी पाणी पीत होते. पेला रिकामा झाला तरी त्यांनी तो तोंडाला तसाच लावून ठेवला.

त्यानंतर त्यांनी काय काय करून पाहिलं ते मला सगळं कळलं नाही. बदलायला लागणारा वेळ कमी केला, तरी लोक अडखळायचे. आणखी कमी केला, तर साहेबांचा निरोप आला की पुन्हा विंचू चावायला लागलाय. रंग आधी बदलून पाय नंतर बदलले, तर काही लोक रंग बघायचे आणि काही पाय. "मधल्या चित्रात मी काहीच सांगितलेलं नाही," ते मला म्हणाले. "ते फक्त वाटेतलं आहे. पण लोकांना ते काहीतरी सांगतंच. प्रत्येकाला वेगळं." संत्र्याच्या बाटलीपुढे कुणी रस्ता ओलांडत नाही, एवढंच त्यातलं मला समजलं.

ताईला मीच सांगितलं. ती म्हणाली, "आई हळूच चालते. तिचं कुठल्याही सिग्नलला असंच होईल." हे खरं नव्हतं, आणि तिलाही ते माहीत होतं. साहेब पाहणीला यायचे होते. त्यांनी मान डोलावली की काम पक्कं. "साहेबांची सही होऊ द्या," ताई भावजींना म्हणाली. "मग काय दुरुस्त्या करायच्या त्या करा. तोवर गप्प राहा. तुम्हाला फक्त गप्प राहायचंय. ते तर तुम्हाला जमतं ना?"

"बघू," भावजी म्हणाले. ताईने हातातलं भांडं आपटलं.

खोटं कशाला बोलू, माझंही काही ठरत नव्हतं. रोज गिऱ्हाइकांना "हे की हे" विचारणारी मी. ताईचं तोंड आठवलं की वाटायचं, त्यांनी बोलू नये. आईचे जुळलेले पाय आठवले की वाटायचं, बोलावं.

पाहणीच्या दिवशी ताई अर्धी रजा टाकून माझ्या दुकानात आली. आम्ही दोघी दार उघडं टाकून उंबऱ्यातच उभ्या राहिलो. साहेबांबरोबर भावजी आणि आणखी पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी माना वर केल्या. लाल माणूस हिरवा झाला, हिरवा लाल झाला. "वा!" साहेब म्हणाले. मग स्वतः ओलांडून बघावं असं त्यांच्या मनात आलं. हिरवा लागल्यावर ते ऐटीत निघाले, पलीकडे जाऊन परत फिरले, आणि परत येताना अर्ध्या रस्त्यात वरचा माणूस थांबायला लागला. साहेबांनी वर बघितलं. त्यांचं पाऊल लहान झालं. आणखी लहान झालं. आणि आमच्या डोळ्यांदेखत मोठे साहेब पाय जुळवून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्या दिवशी खात्याच्या माणसांनी गाड्या अडवून धरल्या होत्या, म्हणून काही झालं नाही. क्षणभराने ते भानावर आले आणि चालत आमच्या बाजूला पोचले.

"फारच सुंदर," ते भावजींना म्हणाले. "सगळीकडे हाच लावू. तुमचे कागद मी उद्याच काढतो."

ताईने माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी बोटात रुतली. मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. भावजी मान खाली घालून उभे होते.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही रस्त्यात थांबला होतात."

"कोण, मी? छे! मी कशाला थांबतोय?" साहेबांनी बाकीच्यांकडे बघितलं. बाकीचे कुठे खांबाकडे, कुठे बुटांकडे बघायला लागले.

"थांबला होतात. सगळेच थांबतात. मधली चित्रं काढून टाकायला हवीत, साहेब. लाल तर लाल, हिरवा तर हिरवा. जुना होता तसा."

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "सगळी काढायची? अहो, मग तुमचं काम काय उरलं?"

भावजींनी मान वर करून सिग्नलकडे बघितलं. आता "बघू" म्हणतील, असं मला वाटलं. देवा, म्हणू दे, असंही वाटलं.

"काही नाही," ते म्हणाले. "नक्की काही नाही."

ताईने माझा हात सोडला.

ती तशीच शाळेत निघून गेली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर घरात नुसती भांडी वाजत होती. जेवणं झाली. ताईने ताटं उचलली, मोरीत ठेवली, पदराला हात पुसले आणि पाठमोरीच म्हणाली, "इतक्या वर्षांत एकदा नक्की बोललात. तेही नाही म्हणायला." थोड्या वेळाने तिने कपाट उघडून विचारलं, "चहा घेणार की कॉफी?" आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवला. तिचा राग गेला होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

वर्ष संपल्यावर खात्याने त्यांना "कळवू" म्हटलं आणि कळवलं नाही. आता ते माझ्या दुकानात असतात. मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र आहे. त्यात गोल काच लावायची, फ्रेमचा आकार द्यायचा, आणि काच फिरत फिरत त्या आकाराची होते. गोल काच फ्रेमच्या आकाराची होताना मधे जे होतं ते भावजी नाकाला नाक लावून बघत बसतात. गिऱ्हाईक बाहेर खोळंबतं, मी काउंटरवरून ओरडते. मधल्या काचेने तिथे कुणाचं काही बिघडत नाही.

समोरच्या सिग्नलवर आता विंचू चावलेला माणूस आहे. लोक झटकन जातात, झटकन थांबतात. फक्त आई नाही. ती पलीकडे येऊन उभी राहते, हिरवा होतो, लाल होतो, पुन्हा हिरवा होतो, ती काही पाऊल उचलत नाही. नोकरी तिच्यापायी गेली हे तिला कुणी सांगितलेलं नाही. खात्यातल्या मेल्यांनी जावयाचं काम हिरावून घेतलं, असंच ती धरून आहे, आणि आम्हीही तिला तसंच धरून राहू दिलं आहे. म्हणून रोज दुपारी भावजी यंत्र बंद करतात, हात पुसतात आणि रस्ता ओलांडून तिला आणायला जातात.

एकदा मी तिच्यावर चिडले. "आई, हिरवा दिसत नाही का तुला? नंबर तपासू का? सगळं जग येतं, तुलाच काय झालं?"

आईने पिशवी काउंटरवर ठेवली आणि मागच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवला.

"तो आधीचा आपला होता गं," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबायचा. हा कोणाचा कोण, याच्या भरवशावर मी रस्त्यात कशी उतरू?"

मागच्या खोलीत यंत्र चालू होतं. ते एकदम थांबलं आणि बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.